हात मोडला की तुटला?

मागच्या मार्चमधली गोष्ट. सबमिशनचे दिवस होते. मी संध्याकाळी सहाच्या सुमारास वर्कशॉपमधून होस्टेलवर आलो, तर रूम पार्टनर दारातच उभा. मोबाइल मी रूमवर चार्जिंगला लावून गेलो होतो. पार्टनर मध्य प्रदेशातला, सागरकडचा. दोन वर्षांत त्याने मराठी बऱ्यापैकी उचललंय आणि ते दाखवायची त्याला हौस आहे. पण त्या दिवशी त्याचा चेहरा वेगळाच होता. म्हणाला, "तुझ्या काकांचा फोन आला होता. तुझ्या बाबांचा हात तुटला. तुला लगेच बोलावलंय."

आमच्या पारोळा तालुक्यात मार्च म्हणजे दादर काढायचे दिवस. (रब्बीच्या ज्वारीला आमच्याकडे दादर म्हणतात.) गावात थ्रेशर फिरत असतं. थ्रेशरच्या तोंडाशी कणसं लोटताना माणसाचा हात आत ओढला गेल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे 'हात तुटला' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही आलंच नाही.

तात्यांना, म्हणजे काकांना, फोन लावला तर 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर'. नानांचा, म्हणजे वडलांचा, फोन बंद. घरात तिसरा फोन नाही. बॅगेत दोन कपडे कोंबले, पार्टनरकडून पाचशे रुपये घेतले आणि नाशिकचा स्टँड गाठला. धुळ्याची गाडी मिळाली. चांदवड गेलं, राहुडचा घाट गेला, मालेगाव गेलं. माझ्या डोक्यात एकच प्रश्न : उजवा की डावा? कंडक्टरने विचारलं, "काय रे पोरा, बरं नाही का?" म्हटलं, "वडलांचा हात तुटला." तो पुढे एक शब्द बोलला नाही. स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पुढच्या सीटकडे गेला.

धुळ्याला गाडी बदलून पारोळ्याला उतरलो तेव्हा पहाट व्हायची होती. तिथून गाव पाच-सहा किलोमीटर. दुधाच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी पोचलो. ओसरीत खाटेवर नाना बसलेले. उजव्या हातात चहाचा कप. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

कडब्याची गाडी भरताना वरून पाय सरकला होता. हातावर पडले. मनगटाजवळचं हाड मोडलं. फोन खिशातून पडून गाडीच्या चाकाखाली गेला, म्हणून बंद. पारोळ्यातल्या हाडाच्या डॉक्टरने फोटो काढला, प्लास्टर घातलं आणि दीड महिना सांगितला. बस्स, एवढंच.

मी काय समजून आलो ते सांगितलं तर तात्या म्हणाले, "तुटना नही रे भो, मोडना!" ओसरीतले सगळे हसले. मला मात्र रडू फुटलं. नाना हसले नाहीत. त्यांनी प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटं एकेक करून हलवून दाखवली. म्हणाले, "देख, पाची बोटं शेतस."

आता चूक कोणाची? तात्यांनी पार्टनरला हिंदीत सांगितलं होतं, "उसके बाप का हाथ टूट गया." हिंदी अगदी बरोबर. हिंदीत हाड मोडलं की हात टूटतो. पार्टनरने टूटनाचं मराठी केलं तुटणे. शब्दाला शब्द, तेही बरोबर. आणि मराठीत 'हात तुटला' म्हणजे हात अंगापासून वेगळा झाला, हा मी घेतलेला अर्थही बरोबर. तिघंही बरोबर, आणि तरी मी नाशिक ते पारोळा ती रात्र तशी काढली. कंडक्टरला मी 'मोडला' म्हटलं असतं, तर तो म्हणाला असता, "अरे, होतो दीड महिन्यात बरा." त्याच्या वागण्याला कारण होता तो एक शब्द.

गंमत म्हणजे तात्या आपल्या अहिराणीत बोलले असते तरी घोटाळा झालाच असता. अहिराणीत भूतकाळ 'ना' आणि 'नी' लावून होतो : हात मोडना, दोरी तुटनी, काच फुटनी. हिंदीवाल्याच्या कानाला 'मोडना' हे 'मोड़ना' वाटणार, आणि हिंदीत मोड़ना म्हणजे वळवणे, दुमडणे. पार्टनर मला म्हणाला असता, "काका हात वळवायचं काहीतरी सांगत होते", आणि मी व्यायाम समजून निवांत जेवायला गेलो असतो.

तेव्हापासून मी या क्रियापदांच्या मागेच लागलो. इंग्रजीत ज्याला ढोबळमानाने 'ब्रेक होणं' म्हणतात, त्याला मराठीत किती शब्द आहेत ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. तुटणे, मोडणे, फुटणे, फाटणे, तडकणे, पिचणे, उसवणे, विरणे, निखळणे, सुटणे, ढासळणे, कोसळणे, खचणे. शाळेत आपण यांना समानार्थी शब्द म्हणून सोडून देतो. पण हे समानार्थी नाहीतच. एकाच्या जागी दुसरा ठेवून बघा, लगेच अडेल. दोरी फुटत नाही, मडकं फाटत नाही आणि सदरा मोडत नाही.

याचं सूत्र मला सापडलं ते आपल्याच लॅबमध्ये. यूटीएमवर माइल्ड स्टीलची सळई ताणतो तेव्हा आधी ती लांबते, मग एका जागी तिची मान बारीक होते आणि शेवटी खाडकन आवाज होऊन ती तुटते. एका तुकड्याला वाटी, दुसऱ्याला सुळका. त्याच मशीनच्या दाबाखाली काँक्रीटचा क्यूब ठेवला की तो फुटतो. आपले लॅब असिस्टंटही "आज अठ्ठावीस दिवसांचे क्यूब फोडायचेत" असंच म्हणतात, कधीही "तोडायचेत" म्हणत नाहीत. आणि लाकडाची फळी दोन टेकूंवर ठेवून मध्ये भार दिला की ती मोडते. ताण दिला तर तुटणे, दाब दिला तर फुटणे, वाकवलं तर मोडणे. एसओएमच्या पुस्तकातली तीन प्रकरणं आपल्या आज्यांना तीन क्रियापदांत पाठ होती.

अर्थात हे सूत्र अगदी काटेकोर नाही. बोलणारा माणूस नुसतं बल बघत नाही, तो वस्तूचा आकारही बघतो. म्हणून एकेक शब्द जरा नीट पाहू.

तुटणे हे लांब, ओढल्या जाणाऱ्या वस्तूंचं. दोरी, तार, साखळी, पट्टा, पतंगाचा मांजा, चपलेचा अंगठा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुटण्यात जोड संपतो. दोन गोष्टी जोडलेल्या होत्या, त्या आता नाहीत. म्हणून शर्टाचं बटण 'तुटतं' तेव्हा बटणाला काहीच झालेलं नसतं. ते अख्खंच्या अख्खं खाली पडलेलं असतं, तुटलेला असतो दोरा. पण धोब्याने आपटून बटणाचेच दोन तुकडे केले तर बटण 'फुटलं'. तुटलं असेल तर सुई-दोरा पुरतो, फुटलं असेल तर नवीन बटण लागतं. झाडावरचा आंबा आपण तोडतो. आंबा तसाच राहतो, देठाचा जोड जातो. नातं तुटतं, संपर्क तुटतो, फोनवर बोलता बोलता आवाज तुटतो. आणि म्हणूनच 'हात तुटला' हे ऐकून माझं काळीज हललं.

मोडणे हे ताठ वस्तूंचं. काठी, फांदी, सुई, पेन्सिल, खडू, कुलपात अडकलेली चावी, आणि हाड. मोडलेली फांदी झाडाला लोंबकळत असली तरी ती मोडलेलीच. तुकडे वेगळे व्हायलाच हवेत असं नाही, सरळपणा गेला की झालं. मोडण्यात एक व्यवस्था जाते. वस्तूचा माल तोच असतो, तिची घडण जाते. हे ध्यानात घेतलं की 'मोडणे'चे बाकीचे वीस अर्थ आपोआप उलगडतात. इस्त्रीची घडी मोडते, झोप मोडते, ठरलेलं लग्न मोडतं, नियम मोडतात, सवय मोडते. शंभराची नोट मोडून सुटे करतात, पैसे तेवढेच राहतात. न साधलेली कपाशी मोडून शेतकरी त्याच वावरात दुसरं पीक घेतो. बँकेतली ठेव मुदतीआधी मोडतात.

सोनंही मोडतात. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीला आईने पोत मोडली. ती 'तुटली' असती तर सोनाराकडून जोडून आणता आली असती. मोडली म्हणजे सोनाराने ती तोलून घेतली, पैसे दिले आणि ती गेली. ही ओळ मी एकदा पार्टनरला सांगितली तर तो म्हणाला, "तोडली का? भांडण झालं होतं?" त्याला समजावून सांगताना मलाच पहिल्यांदा नीट कळलं की आईने नक्की काय केलं होतं.

फुटणे हे पोकळ किंवा ठिसूळ वस्तूंचं. मडकं, काच, अंडं, टायर, फुगा, नळाचा पाइप. यात बहुतेक वेळा आतलं काहीतरी बाहेर येतं. म्हणून पाणी अडवणाऱ्या गोष्टी फुटतात : बांध फुटतो, पाट फुटतो, धरण फुटतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं मातीचं धरण गेलं आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं. पुण्यातली जुनी माणसं अजून 'पानशेत फुटलं तेव्हा' असं म्हणून काळ मोजतात. 'पानशेत मोडलं' किंवा 'तुटलं' असं कुणी म्हणत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण गेलं, तेव्हाही तोच शब्द आला. आतलं बाहेर येण्यावरूनच घाम फुटतो, वाचा फुटते, झाडाला पालवी फुटते. आणि कपाशीचं बोंड फुटतं. खानदेशातल्या शेतकऱ्याला याच्याइतकं आनंदाचं फुटणं दुसरं नाही.

विद्यार्थ्यांसाठी खास उदाहरण : पेपर फुटला आणि पेपर फाटला. पहिल्यात कागदाला खरचटलेलंसुद्धा नसतं, पण परीक्षा रद्द होते. दुसऱ्यात सुपरवायझरकडून चिकटपट्टी मागून घेतली की भागतं.

फाटणे हे पसरट, पातळ वस्तूंचं. कापड, कागद, ताडपत्री, गोणी. होस्टेलवर या शब्दाला व्हायवाच्या आदल्या रात्री जो अर्थ येतो तो छापण्याजोगा नाही, सुज्ञांस सांगणे न लगे. पण कापडाच्या बाबतीत मराठी आणखी बारकाईत जाते. मी पारोळ्याच्या बाजारात टेलरकडे पँट घेऊन गेलो की तो पिशवी उघडायच्या आधी विचारतो, "फाटलीय, उसवलीय का विरलीय?" उसवली म्हणजे कापड धड आहे, शिवण गेली. दहा रुपयांचं काम. फाटली म्हणजे कापडच गेलं, रफू किंवा ठिगळ. विरली म्हणजे वापरून वापरून सूतच झिरझिरीत झालं, आता एका जागी शिवाल तर शेजारी जाईल. त्या पँटचं पायपुसणं करा. आपल्या भाषेत सांगायचं तर जोड निकामी झाला, माल निकामी झाला, की माल थकला. टेलरने मटेरियल सायन्सचा पेपर दिलेला नाही, पण निदान तेच आहे.

माणसाच्या अंगाचंही तसंच. हात मोडला, मुरगळला, निखळला, लचकला, चेंगरला, खरचटला, कापला, तुटला. मोडला तर प्लास्टर, मुरगळला तर लेप आणि पट्टी, निखळला तर सांधा बसवायचा, कापला तर टाके. आणि तुटला तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवून एक मिनिट न घालवता मोठं हॉस्पिटल गाठायचं. फोनवरचा निरोप चुकला तर पुढची सगळी धावपळ चुकते.

इमारतींना आणखी वेगळे शब्द आहेत. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याचे दगड वर्षानुवर्षं ढासळत आलेत. ढासळणं हे थोडं थोडं, कडेकडेने. कोसळणं हे एकदम, सगळंच्या सगळं. खचणं म्हणजे वरचं ठीक असतं, खालच्या जमिनीने दगा दिलेला असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या गेल्या. तेव्हा पूल 'कोसळला', 'वाहून गेला' असंच सगळे म्हणाले. 'पूल फुटला' असं कुणी म्हणालं नाही, कारण पूल पाणी अडवत नाही. सिव्हिलवाल्यांनी एखाद्या गावात पाहणीला गेल्यावर गावकरी यातलं नेमकं कोणतं क्रियापद वापरतात ते आधी ऐकावं. पाया बघायचा की वरचा भाग, हे त्यातच निम्मं कळतं.

आता थोडं व्याकरण, कंटाळू नका. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे. पहिला शब्द आपोआप होण्याचा, दुसरा कुणीतरी करण्याचा. पण मोडणेला अशी जोडीच नाही. काठी मोडली, आणि त्याने काठी मोडली. रूप एकच. शाळेच्या व्याकरणात याला 'उभयविध क्रियापद' म्हणतात आणि उदाहरणाला हमखास धनुष्य मोडतात. होस्टेलवर याचा फार उपयोग होतो. रेक्टर सरांनी विचारलं, "खिडकीच्या काचेचं काय झालं?" तर निवड करावीच लागते : 'फुटली' म्हणायचं की 'फोडली'. पण "खुर्चीचं काय झालं?" याला "मोडली, सर" एवढं खरंखुरं उत्तर देऊन गप्प राहता येतं. कोणी, हा प्रश्न व्याकरणानेच पोटात घेतलेला असतो.

आणि काही वेळा मराठी माणूस यातला एकही शब्द तोंडातून काढत नाही. चटणीसाठी नारळ फोडतात, देवापुढे तो वाढवतात. आजीच्या हातातली बांगडी पिचली तर ती "फुटली" म्हणत नाही, "वाढली" म्हणते. मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढलंच. जे घडू नये असं वाटतं, त्याचं नावच उलटं ठेवायचं.

या सगळ्याचा मला प्रत्यक्ष झटका बसला तो उन्हाळ्यात, एका जिनिंगमध्ये इंटर्नशिपला होतो तेव्हा. एका मशीनचा पट्टा बंद पडला. लॉगबुक भरायचं काम माझ्याकडे होतं. मी ऐटीत लिहिलं, 'बेल्ट फेल.' फोरमनने वही वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हणजे काय झालं? तुटला, फाटला, सुटला, उतरला का घसरतोय?" मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं. उतरला असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. घसरत असेल तर ताण कमी पडलाय. सुटला असेल तर पट्ट्याचा जोड गेलाय. फाटला असेल तर कडेला काहीतरी घासतंय. आणि तुटला असेल तर भार जास्त झालाय किंवा पट्टा जुना झालाय, नवीन मागवा. पाच शब्द, पाच वेगळ्या दुरुस्त्या. माझ्या एका 'फेल'मध्ये यातली एकही नव्हती. रात्रपाळीच्या माणसाने माझी नोंद वाचून काय करायचं होतं? ज्या चुकीने मी बसमध्ये रात्र काढली, तीच चूक मी आता स्वतः, तीही शुद्ध इंजिनिअरिंगच्या भाषेत केली होती.

याचा अर्थ मराठी श्रीमंत आणि बाकी भाषा गरीब, असा कुणी काढू नये. आमच्या वर्गातली एक मैत्रीण स्पॅनिश शिकते. तिला विचारलं, तर तिकडे दोरी, काच, सदरा आणि हात, सगळ्यांना 'रोम्पेर' हे एकच क्रियापद चालतं म्हणाली. मी खूश झालो. तेवढ्यात तिने विचारलं, "मी खानदेशी आहे आणि मी होस्टेलवर आहे, यातला 'आहे' एकच का?" स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'सेर' आणि दुसऱ्याला 'एस्तार' लागतं, दोन वेगळी क्रियापदं. आपण कोण आहोत ते एकात, आपण कुठे आणि कशा स्थितीत आहोत ते दुसऱ्यात. आपण मराठी माणसं दोन्हीकडे बिनधास्त 'आहे' वापरतो आणि आपलं काही अडत नाही. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी कापण्या-मोडण्याच्या छोट्या छोट्या चित्रफिती २८ भाषा बोलणाऱ्यांना दाखवून प्रत्येक वेळी कोणतं क्रियापद वापरता ते विचारलं होतं. २००८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साधारण असा की फरक ओळखण्याची नजर सगळीकडे बरीचशी सारखी, फक्त कुठे रेघ मारायची हे प्रत्येक भाषा आपलं आपण ठरवते. काठी मोडणं आणि मडकं फोडणं काही भाषा एकाच शब्दात घालतात, काही वेगळं ठेवतात. आपण वेगळं ठेवणाऱ्यांतले.

पण हल्ली आपण ती रेघ पुसत चाललोय. मेसमध्ये बसून ऐका. "खुर्ची तुटली", "काच तुटली", "चष्मा तुटला", "पेन तुटलं". अर्धं हिंदीमुळे, अर्धं आळसामुळे. उरलेल्या जागी 'ब्रेक झालं', 'डॅमेज झालं', 'गेलं'. भाषा बदलते, त्यात गळा काढण्यासारखं काही नाही, आणि मीही दिवसातून दहादा 'गेलं' म्हणतो. माझं म्हणणं एवढंच, की ज्या दिवशी नेमकं सांगायची वेळ येईल, डॉक्टरला, फोरमनला किंवा घरून आलेला निरोप मित्राला, त्या दिवशी तो शब्द तोंडात असायला हवा. रोज वापरला नाही तर ऐन वेळेला तो आठवत नाही.

नानांचं प्लास्टर ठरल्याप्रमाणे दीड महिन्यात निघालं. हात थोडा वाकडा बसलाय, पण कडबा उचलतात. पार्टनरने मात्र त्या रात्रीचा धसका घेतला. आता रूममध्ये काहीही पडलं की तो आधी मला विचारतो, "हे तुटलं, मोडलं का फुटलं?" परवा माझा कंपास पडला तर त्यानेच उचलून बघितलं आणि जाहीर केलं, "मोडला नाही. स्क्रू सुटलाय." स्क्रू पिळला, कंपास चालू.

मागच्या महिन्यात त्याच्या घरून फोन आला. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "दादी पडली. पाय..." आणि थांबला. शब्द शोधत होता. मी वाट पाहिली.

"मोडला," तो म्हणाला. "मोडला. तुटला नाही."

मग आम्ही शांतपणे त्याच्या गाडीचं तिकीट बघायला बसलो.